अंगाला सोसेल असं काम: शिवणकाम युनिट, दुकान आणि कचेरीतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटमध्ये युनिफॉर्म शिवणाऱ्या, टॉवेल-चादरीच्या कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायका खूप. "मॅडम, आजच्या आज बरं करा, उद्या मशीनवर बसायचंय," हे वाक्य मी रोज ऐकते. मान शेकून, व्यायाम शिकवून मी त्यांना पुन्हा त्याच स्टुलावर पाठवत होते आणि महिन्याभरात त्या परत येत होत्या. म्हणून मग मी युनिटमध्येच जाऊन बघायला लागले. तिथे कामगारांनी, मालकांनी आणि सुपरवायझरांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मालकांसाठी वेगळं आणि कामगारांसाठी वेगळं असं पान मुद्दाम केलेलं नाही. एकमेकांचे प्रश्न दोघांनीही वाचावेत.

एर्गोनॉमिक्स म्हणजे महागड्या खुर्च्या ना?

नाही. हा शब्द 'एर्गॉन' म्हणजे काम आणि 'नोमोस' म्हणजे नियम या दोन ग्रीक शब्दांपासून झाला. पोलंडच्या वोयचेख यास्त्झेंबोव्स्की यांनी तो १८५७ मध्ये पहिल्यांदा वापरला. शिंप्याच्या भाषेत सांगायचं तर एर्गोनॉमिक्स म्हणजे मापाने शिवणं. बाही आखूड झाली म्हणून कोणी हात कापत नाही, बाहीच उसवतो. कामाच्या जागी मात्र नेमकं उलटं चालतं. टेबल, स्टूल, पायडल आणि टार्गेट आधी ठरतं, मग माणसाने त्यात स्वतःला कोंबायचं. दिवसाला शेकडो शर्ट मापाबरहुकूम शिवणाऱ्या युनिटमध्ये शिवणाऱ्या बाईच्या अंगाचं माप मात्र कोणीच घेतलेलं नसतं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

आणि 'सामाजिकदृष्ट्या शाश्वत' कामाची जागा म्हणजे काय? आमच्या एका ग्राहक कंपनीने फॉर्म पाठवलाय, त्यात हा शब्द आहे.

शाश्वत म्हटलं की लोकांना सोलर पॅनल आणि सांडपाणी आठवतं. इथे प्रश्न माणसांचा आहे. पंचविसाव्या वर्षी तुमच्याकडे कामाला लागलेली बाई पन्नाशीतही सुईत दोरा ओवू शकेल का? संध्याकाळी घरी जाऊन लेकराला उचलून घेण्याइतकं बळ तिच्या अंगात उरतं का? तिला दिलेली मजुरी गोळ्या-इंजेक्शनात तर जात नाही ना? या प्रश्नांना 'हो, ठीक आहे' म्हणता येत असेल तर ती जागा टिकाऊ. नाहीतर युनिटचा नफा त्या बाईच्या सांध्यांतून काढलेला आहे.

फॉर्मचं कारणही समजून घ्या. शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमानुसार जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्यातलं तिसरं तत्त्व कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचं आणि हिताचं आहे आणि त्यात पुरवठादारांकडे काम करणारेही येतात. म्हणून मोठी कंपनी सोलापूरच्या वीस मशीनच्या युनिटला विचारायला लागली आहे. शिवाय जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा कामगाराचा मूलभूत हक्क मानला. फॉर्म भरताना खरं लिहा. "सर्व सुविधा आहेत" असं लिहून मोकळं होणाऱ्यांची युनिटं मी आतून पाहिली आहेत.

दिवसभर मशीनवर बसून मान आणि पाठ भरून येते. नेमकं काय चुकतं?

बहुतेक वेळा चार-पाच गोष्टी एकत्र चुकतात. सुरुवात डोळ्यांपासून करा. शाळेचा नेव्ही ब्लू कपडा, त्याच रंगाचा दोरा आणि वर दहा फुटांवर एक ट्यूबलाइट. टाका दिसत नाही म्हणून डोकं पुढे जातं, डोक्यामागे मान आणि मानेमागे खांदे. आपलं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते सरळ तोललेलं असताना मानेला फारसं काही वाटत नाही, पण पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना ते दिवसभर दोरीसारखं ओढून धरावं लागतं. एलईडीचा छोटा दिवा सुईजवळ लावला की कित्येक जणींची मान त्याच दिवशी थोडी वर येते. मी कुठेही गेले की आधी दिवा बघते.

मग टेबलाची उंची. मशीनवर बसून दंड अंगाजवळ ठेवा आणि कोपर काटकोनात वाकवा. शिवणकामाला बारीक नजर लागते, म्हणून पाटा कोपरापेक्षा थोडा वर असावा. इतकाही नको की खांदे कानाला लागतील. मशीनचा पाटा आपल्याकडे थोडा उतरता केला, म्हणजे मागच्या पायांखाली ठोकळे दिले, तर काम नजरेसमोर येतं आणि मान कमी वाकते. ठोकळे घट्ट बसवा, मशीन हलता कामा नये.

तिसरं, बसायची जागा. इंडस्ट्रियल मशीनची सुई टेबलाच्या मध्यावर नसते, डावीकडे असते. स्टूल मात्र टेबलाच्या मधोमध ठेवलेलं असतं, त्यामुळे बाई दिवसभर किंचित वळून बसते. स्टूल सुईच्या रेषेत आणा. पायडल जवळ असेल तर गुडघे आखडतात आणि कंबर मागे गोल होते. पायडल पुढे सरकवा, गुडघ्याचा कोन काटकोनापेक्षा थोडा मोकळा झाला पाहिजे.

शेवटचं म्हणजे गठ्ठा. कटिंगचा बंडल डावीकडे जमिनीवर आणि शिवलेला माल उजवीकडे टोपलीत असेल, तर प्रत्येक नगाला एकदा वाकणं आणि एकदा वळणं आलं. दिवसाचे नग मोजा म्हणजे कंबरेला किती झटके बसतात ते कळेल. मशीनच्या उंचीचा एक साधा स्टँड केला की हे थांबतं.

आम्ही चांगल्या खुर्च्या आणल्या, पण बायका जुन्या स्टुलावरच बसतात. मग करायचं काय?

त्या खुर्च्यांना चाकं होती का? मी पाहिलेल्या एका युनिटमध्ये मालकांनी मनापासून, पदरचे पैसे घालून कचेरीतल्यासारख्या खुर्च्या आणल्या. पायडल दाबलं की खुर्ची मागे पळायची. दोन दिवसांत बायकांनी चाकांना चिंध्या बांधल्या आणि आठवड्याभरात खुर्च्या भिंतीला लागल्या. मालक नाराज आणि बायकांना वाटत राहिलं आपलंच चुकलं. खुर्ची आणण्याआधी एकीलाही तिच्यावर बसवून बघितलं नव्हतं, एवढंच झालं होतं.

शिवणकामाच्या खुर्चीला चाकं नकोत, हाताला दांडे नकोत. उंची कमी-जास्त करता यावी, पाठीला खालच्या बाजूला आधार हवा आणि बैठकीची पुढची कड खाली उतरलेली हवी, म्हणजे मांडीखाली रुतत नाही. लॉस एंजेलिसमध्ये शिवणकाम करणाऱ्या २७७ कामगारांवर चार महिने एक प्रयोग झाला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना उंची बदलता येणाऱ्या खुर्च्या दिल्या, काहींना फक्त पाय टेकायची पट्टी वगैरे किरकोळ वस्तू. खुर्ची मिळालेल्यांची मान-खांद्याची दुखणी जास्त कमी झाली आणि वक्र बैठकीच्या खुर्चीने सर्वांत जास्त फरक पडला. म्हणजे खुर्चीचा उपयोग आहे, पण ती त्या कामाची असली पाहिजे. एकच आणा, सगळ्यांना एकेक दिवस वापरायला द्या, त्या काय म्हणतात ते लिहून घ्या आणि मग बाकीच्या घ्या. तोवर स्टुलाचे पाय वेल्डरकडून कापून किंवा वाढवून घेतले आणि वर फोमची गादी बांधली, तरी पुष्कळ होतं.

आमच्याकडे पीस रेट आहे. मधे उठायला सांगितलं तरी कोणी उठत नाही. याला मालक काय करणार?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नगावर मजुरी असलेल्या बाईसाठी उठणं म्हणजे पैसे सोडणं. ती पाणी पीत नाही कारण मग बाथरूमला जावं लागेल, आणि तेवढ्या वेळात दोन कॉलर राहतील. डबा पंधरा मिनिटांत संपवून ती परत मशीनवर येते. तिला "व्यायाम करा हो" म्हणून भिंतीवर चित्रं लावायची आणि दर तोच ठेवायचा, याला मी आरोग्याचा कार्यक्रम म्हणत नाही. मजुरीची पद्धत हाही कामाच्या जागेचाच भाग आहे, स्टूल आणि दिव्याइतकाच. योग्य उंचीचं स्टूल दिलं आणि दर असा ठेवला की दहा तास न उठता काम केल्याशिवाय घर चालत नाही, तर स्टुलाने काय होणार?

उपाय आहेत. एक म्हणजे विश्रांतीची मजुरी द्या. बाईची तासाची सरासरी काढा आणि दिवसातल्या दोन दहा-दहा मिनिटांच्या सुट्या त्या हिशेबाने पगारात धरा. मशीनची मेन लाइनच तेवढा वेळ बंद करा. सगळ्या एकदम उठल्या की कोणी मागे पडत नाही आणि शेजारणीकडे बघून चुटपुट लागत नाही. दुसरा उपाय म्हणजे ठरावीक दिवसाची मजुरी आणि त्यावर नगांचा थोडा बोनस. अंगात कणकण असलेल्या दिवशीही चूल पेटेल एवढी खात्री ठरावीक भागात असावी. तिसरा, काम फिरतं ठेवा. जी सकाळी कॉलर लावते तिने दुपारनंतर धागा कटिंग किंवा काज-बटण करावं. दर वेगवेगळे असल्यामुळे बायका याला तयार होत नाहीत, म्हणून फिरत्या कामाचा दर आधी बसून ठरवायला लागतो.

मालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "उत्पादन घटेल त्याचं काय?" मी त्यांना एकच विनंती करते. आठवडाभर तासातासाने ऑल्टरला, म्हणजे चुकलं म्हणून दुरुस्तीला, परत येणारे नग मोजा. सकाळी दहा ते अकरात किती येतात आणि संध्याकाळी पाच ते सहात किती. वही समोर ठेवा आणि मग आपण बोलू. थकलेल्या हाताने घातलेली शिवण उसवून परत घालायची, त्यात दोरा, वेळ आणि बाईचा जीव, तिन्ही दोनदा जातात. ज्यांनी ही वही ठेवली त्यांच्याशी माझं बोलणं पुढे सोपं झालं.

आमचं काम उभ्याने आहे: इस्त्री, कटिंग, कापडाचं दुकान. दिवसभर उभं राहिल्याने काय होतं?

पोटऱ्यांच्या शिरा फुगतात, टाचा दुखतात, घोटे सुजतात आणि कंबर धरते. पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात, पण ते हलले तरच. एका जागी खांबासारखं उभं राहिलं की रक्त खाली साचतं. म्हणून चालण्यापेक्षा नुसतं उभं राहणं जास्त त्रासाचं.

पायाखाली रबरी मॅट किंवा जाड गोणपाटाची घडी टाका. बाजूला वीतभर उंचीचा लाकडी ठोकळा ठेवा आणि एकेक पाय आलटून-पालटून त्यावर टेकवा. स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या असलेल्या कित्येक बायका हे आपसूक करतात. हलक्या कामाचं टेबल कोपराच्या थोडं खाली असावं. इस्त्रीला जोर लावावा लागतो, म्हणून तिचं टेबल आणखी खाली. आणि गिऱ्हाईक नसताना टेकता येईल असं उंच स्टूल द्या.

या स्टुलाचाही एक इतिहास आहे. केरळात कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या मुलींना दिवसभर बसायला मनाई असायची, भिंतीला टेकलं तरी दंड. विजी नावाच्या शिंपीकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र केलं. लढ्याची सुरुवात दुकानात बाथरूम नाही या मुद्द्यावरून झाली आणि तो बसण्याच्या हक्कापर्यंत पोचला. २०१८ मध्ये केरळने आपल्या दुकाने कायद्यात बसायची सोय सक्तीची केली, २०२१ मध्ये तमिळनाडूनेही केली. कारखान्यांसाठी तर १९४८ च्या कायद्यातच उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्या असं लिहिलेलं होतं. लग्नसराईत साड्यांच्या दुकानात गेलात तर शालू दाखवणाऱ्या मुलीच्या मागे स्टूल आहे का, एवढं बघा. नसेल तर मालकांना विचारा. गिऱ्हाइकाने विचारलेलं त्यांना लवकर ऐकू येतं.

किती ओझं उचललं तर चालतं?

अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने वापरात आणलेल्या सूत्रात सगळी परिस्थिती उत्तम असताना २३ किलो ही सुरुवात धरली आहे. उत्तम म्हणजे ओझं अंगाला चिकटून, कंबरेच्या उंचीवर, न वळता, चांगल्या पकडीने आणि क्वचितच उचलायचं. यातली एकेक गोष्ट बिघडली की आकडा झपाट्याने खाली येतो. जमिनीवरून वाकून उचललेला आणि फिरून ट्रकमध्ये टाकलेला टॉवेलचा गठ्ठा याच्या जवळपासही बसत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोच्या वर नको असं सुचवलं, पण ती शेवटची मर्यादा आहे, रोजचं माप नव्हे.

महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. अण्णासाहेब पाटील यांनी या लोकांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये राज्यात माथाडी कायदा झाला. पन्नास किलोपेक्षा जड गोणी नको, ही बाजारपेठेतल्या माथाडींची मागणी आजही तितकीच खरी आहे. तुमच्या हातात आहे ते करा: गठ्ठाच लहान बांधा, ढकलगाडी आणा, माल जमिनीऐवजी गुडघ्याच्या वर रचा. कंबरपट्टा लावला म्हणून जास्त उचलता येतं हा गैरसमज आहे.

रात्री हाताला मुंग्या येतात, हात झटकला की बरं वाटतं. हे कशामुळे?

अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन-अडीच बोटांना मुंग्या येत असतील तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता आहे. कात्री, धागा कटर, इस्त्री यांनी मनगट वाकवून तेच ते काम केलं की तिथली सूज नसेवर दाब देते. मधुमेह, थायरॉइड आणि गरोदरपणात हे जास्त दिसतं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपल्याने अनेकांना आराम पडतो. कात्रीला धार लावा. बोथट कात्री हे मनगटाच्या दुखण्याचं फार मोठं कारण आहे आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. वस्तू हातातून निसटायला लागली किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग खपाटीला गेला तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. तुमचं ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर ते याच कामासाठी आहे.

बाथरूमचा आणि एर्गोनॉमिक्सचा काय संबंध?

थेट संबंध आहे. बाथरूम घाण आहे, लांब आहे, कडी नाही किंवा जायला सुपरवायझरची परवानगी लागते, म्हणून बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, जंतुसंसर्ग, डोकेदुखी, पायात गोळे. उपचाराला माझ्याकडे येणाऱ्या बाईला मी आता आधी विचारते, "दिवसभरात किती वेळा जाता?" "एकदा, घरी गेल्यावर," असं उत्तर देणाऱ्या कमी नाहीत.

आतून लागणारी कडी, पाणी, दिवा, झाकणाची कचरापेटी आणि न विचारता जायची मोकळीक. यात महाग असं काहीच नाही. पाळीच्या दिवसांत उभ्याच्या कामाऐवजी बसायचं काम मागता आलं पाहिजे आणि ते मागताना मान खाली घालायला लागू नये.

उन्हाळ्यात पत्र्याखाली बसवत नाही. काय करता येईल?

एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये इस्त्रीची वाफ मिसळली की काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. पत्र्याला वरून पांढरा चुना किंवा पांढरा रंग द्या, आतून शेडनेट किंवा थर्माकोल लावा. समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि गरम हवा बाहेर ओढणारा पंखा उंचावर बसवा. इस्त्रीचं टेबल खिडकीजवळ न्या. नुसते पंखे वाढवून भागत नाही. हवा अंगापेक्षा गरम झाली की पंखा तीच गरम हवा अंगावर फेकतो.

शक्य असेल तर वेळ बदला: सकाळी लवकर सुरुवात आणि दुपारी मोठी सुटी. माठ प्रत्येकीला दिसेल असा ठेवा, ओआरएसची पाकिटं ठेवा. एखादी बरळायला लागली, घाम थांबून अंग तापलं किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पॉवरलूमच्या आवाजाची सवय होते ना?

सवय होत नाही, ऐकू येणं कमी होतं. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज कानाला अपाय करण्याइतका आहे. असं गेलेलं ऐकू येणं परत मिळत नाही. इअरप्लग द्या, ते कसे घालायचे ते शिकवा, मागाला तेलपाणी वेळेवर करा आणि वर्षातून एकदा कान तपासा.

गरोदर बाईला कामावरून कमी करणं बरं नाही का? तिच्याच काळजीपोटी म्हणतोय.

नाही. काळजी असेल तर काम बदला. तिला बसायचं, हलकं, इस्त्रीपासून दूरचं काम द्या, पायाखाली पाट द्या आणि मधे उठू द्या. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहायचं काम देऊ नये, हे १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यापासून चालत आलं आहे. गरोदर आहे म्हणून कामावरून काढणं बेकायदा आहे. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ पासून आहे. परत आल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत त्याला पाजायला दिवसातून दोन सुट्या मिळतात. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर हवं. लहान युनिटांनी शेजारच्या चार युनिटांत मिळून एक पाळणाघर चालवलं तर फार बरं होईल. लेकरू कुठे आहे या घोरात शिवणारी बाई सुई बोटात घालून घेते.

मी कचेरीत काम करतो, लॅपटॉपवर. माझ्यासाठी काही?

लॅपटॉपची अडचण अशी की पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. एक बरोबर ठेवला की दुसरा चुकतो. चार जाड पुस्तकांवर लॅपटॉप ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि कीबोर्ड-माऊस वेगळे घ्या. पाय जमिनीला टेकले पाहिजेत. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघा. फोनवर बोलताना उभे राहा. पलंगावर बसून केलेलं घरचं ऑफिस हे मी पाहिलेल्या तरुण मानदुख्यांचं मोठं कारण आहे.

कामाचा ताण हाही यातच येतो का? आमचे साहेब म्हणतात, ताण कोणाला नाही.

येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये जगभरचा अभ्यास मांडला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. जास्त तास काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात ७,४५,००० माणसं गेली, असा त्यांचा अंदाज आहे.

युनिटमध्ये ताणाची कारणं साधी असतात. पगार कोणत्या तारखेला होणार ते माहीत नाही, उद्या काम आहे की नाही ते रात्री कळतं, सगळ्यांसमोर अपमान होतो. पगाराची तारीख पाळणं हा मला माहीत असलेला सर्वांत परिणामकारक मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. हे मी अगदी गंभीरपणे लिहिते आहे. सुपरवायझरला बोलायला शिकवा. दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती २०१३ पासून बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर मराठीत आणि गरज असेल तिथे तेलुगूत लावा. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आमची जागा लहान, पैसे कमी. सुरुवात कुठून करू?

सुरुवात विचारण्यापासून करा. कागदावर माणसाची एक साधी आकृती काढा, पुढून आणि मागून. प्रत्येकीला दुखतं तिथे फुली मारायला सांगा, नाव लिहायला नको. इस्त्रीवाल्यांच्या फुल्या एकीकडे, मशीनवाल्यांच्या दुसरीकडे. अर्ध्या तासात तुमच्या युनिटचा नकाशा समोर येतो. मग विचारा, "यातलं एक बदलायचं असेल तर काय बदलू?" उत्तरं ऐकून थक्क व्हाल. एका ठिकाणी बायकांनी खुर्चीही मागितली नाही आणि पंखाही नाही. चप्पल काढून काम करावं लागायचं ती गार फरशी त्यांना नको होती. दुसऱ्या दिवशी सतरंजी आली.

मोफत मदतही आहे. लहान उद्योगांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कमी खर्चाच्या १३२ सुधारणा चित्रांसह मांडल्या आहेत. मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथे या विषयाचे जाणकार बसतात.

सांगूनही मालक ऐकत नसतील तर?

आधी दोघी-तिघींनी मिळून सांगा, लेखी सांगा आणि त्याची प्रत ठेवा. एकटीने सांगितलेली ती 'तक्रार' ठरते, पाच जणींनी सांगितलेला प्रश्न ठरतो. तरीही ऐकलं नाही तर तक्रार करा: कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, दुकान असेल तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४८ चा कारखाने कायदा त्यातल्या सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीच्या संहितेत गेला. बसायची सोय या संहितेतही आहे. ठरावीक वर्गातल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी आणि कामावर घेतल्याचं पत्र देणं हेही त्यात आहे. पत्र मागून घ्या. पुढे काहीही मागायचं झालं की पहिला कागद तोच लागतो.

आम्ही कारखान्यात जातच नाही, घरी बसून विड्या वळतो. आम्हाला कोण स्टूल देणार?

तुमचा प्रश्न शेवटी आला याबद्दल मला वाईट वाटतं, कारण सोलापुरात तुमच्यासारख्या हजारो जणी आहेत. हजार विड्यांवर मजुरी, मांडीवर सूप, मान खाली आणि पाय दुमडलेले. मालक तुमच्या घरी येऊन जागा सुधारणार नाही. म्हणून घरातल्या वस्तूंनीच होईल ते सांगते.

भिंतीला पाठ लावून बसा आणि कंबरेमागे उशी घ्या. बुडाखाली चादरीची जाड घडी घ्या, म्हणजे गुडघे कंबरेपेक्षा खाली येतात आणि पाठ आपोआप सरळ होते. सूप मांडीवर न ठेवता पाटावर किंवा उलट्या घमेल्यावर ठेवा, ते चार बोटं जरी वर आलं तरी मान तेवढी कमी वाकते. एक पाय लांब, एक दुमडलेला, आणि दर पन्नास विड्यांना पाय बदला. बंडल बांधून झालं की उठून दारापर्यंत जाऊन या. उजेड डाव्या खांद्यावरून यावा. जेवणाआधी आणि लेकराला घेण्याआधी हात साबणाने धुवा, तंबाखूची पूड चुलीपासून आणि पाळण्यापासून लांब ठेवा. पानं कापायची कात्री महिन्यातून एकदा धार लावून आणा.